बाटलीबंद सरबताचा धंदा : पाश्चरायझेशनचे यंत्र निवडताना आणि वापरताना

उन्हाळा असो की रमजानचा महिना, सरबताला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. कोकम, लिंबू, आंबा, आवळा यांची पेये बाटलीत भरून विकण्याचा विचार आपल्यातील अनेक छोटे व्यापारी आणि कारागीर करू लागले आहेत. कोकणात कच्चा माल दारात आहे. भिवंडी-मालेगावकडे यंत्रमागाच्या मंदीला कंटाळलेली काही मंडळी भांडवल दुसरीकडे वळवू पाहत आहेत. अशांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाश्चरायझेशनचे मशीन कोणते घ्यावे?

आम्ही कापडाचे व्यापारी. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण असे, की रंगाईखाना आणि सायझिंग यांच्याशी ज्याचा संबंध आला त्याला वाफ, उष्णतामान आणि वेळ यांची किंमत कळते. रंगाच्या हौदात पाच अंश कमी-जास्त झाले की सगळ्या ताग्यांची शेड बदलते. सरबताच्या धंद्यात मात्र चूक झाली तर ताग्याप्रमाणे 'सेकंड' म्हणून माल काढता येत नाही. तो कोणाच्या तरी लेकरांच्या पोटात जातो. म्हणून मशीनचा प्रश्न आम्ही शेवटी ठेवतो. त्याआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत : आपला माल किती आंबट आहे, तो कोणत्या बाटलीत भरणार आणि दिवसाला किती बाटल्या निघणार.

पाश्चरायझेशन म्हणजे नेमके काय?

पॅरिसचा मिठाईवाला निकोला अपेर याने बाटलीत पदार्थ भरून, बूच घट्ट लावून, ती उकळत्या पाण्यात ठेवली तर पदार्थ टिकतो हे दाखवले. १८१० साली त्याने या पद्धतीवर पुस्तक लिहिले. असे का होते हे त्याला ठाऊक नव्हते. ते लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात सांगितले : पदार्थ आंबतो तो सूक्ष्म जंतूंमुळे, आणि उकळीच्या बऱ्याच खाली, ठरावीक उष्णतेवर ठरावीक वेळ ठेवले तरी हे जंतू मरतात. त्यांच्या नावावरून या क्रियेला पाश्चरायझेशन म्हणतात.

यात उष्णतामान आणि वेळ यांची जोडी असते. दुधाचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, दोन्ही चालते. उष्णता वाढली की वेळ झपाट्याने कमी होतो. "चांगले उकळून घेतले" हे पाश्चरायझेशन नव्हे. उकळून घेतलेले सरबत गार करून न धुतलेल्या बाटलीत भरले तर सगळी मेहनत वाया जाते.

दुसरी गोष्ट, पाश्चरायझेशनने सगळेच जंतू मरत नाहीत. यीस्ट, बुरशी आणि बहुतेक रोगजंतू मरतात, पण काही जंतूंची बीजे १०० अंशांतही जिवंत राहतात. त्यांना आवर घालण्याचे काम आंबटपणा करतो. म्हणून पुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी सामू मोजा

आंबटपणा ज्या मापाने मोजतात त्याला सामू किंवा पीएच म्हणतात. आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. या धंद्यात ४.६ ही सीमारेषा आहे. सामू ४.६ च्या खाली असेल तर बॉट्युलिनम नावाच्या जंतूची बीजे बाटलीत वाढू शकत नाहीत. सामू त्याच्या वर असेल, तर हवाबंद बाटलीत ही बीजे वाढून असे विष तयार करू शकतात, की ज्याचा वास, चव, रंग यांवरून नेहमीच पत्ता लागेल असे नाही. ते माणसाचा श्वास बंद पाडते.

आपल्या नेहमीच्या पदार्थांत कोकम आणि लिंबाचा रस खूप आंबट, सामू सुमारे २ ते २.५. आवळाही चांगला आंबट. हे तिन्ही निर्धास्त. आंब्याचे तसे नाही. कच्च्या कैरीचा सामू कमी असतो, पण फळ जितके पिकेल तितका तो चढतो आणि अति पिकलेल्या आंब्यात सीमारेषेच्या जवळ किंवा वर जाऊ शकतो. टोमॅटोचेही तसेच. म्हणून अशा रसात सायट्रिक आम्ल घालून सामू ४ च्या आसपास किंवा खाली आणतात, आणि प्रत्येक घाणीला मोजून पाहतात.

उसाचा रस, नारळपाणी, कलिंगडाचा रस, गाजराचा रस, मसाला दूध, बदाम दूध, खीर हे सगळे रेषेच्या वरचे. उसाच्या रसाचा आणि नारळपाण्याचा सामू पाचाच्या पुढे असतो, दुधाचा साडेसहाच्या वर. हे पदार्थ बाटलीत भरून, पाण्यात तापवून, दुकानाच्या फळीवर महिनाभर ठेवणे धोक्याचे आहे. त्यांना दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवणारे रिटॉर्ट नावाचे यंत्र लागते. ते चालवण्याचे शिक्षण वेगळे, खर्च वेगळा. ज्याला ते झेपत नाही त्याने असे पेय पाश्चराइज करून बर्फपेटीत ठेवावे आणि थोड्या दिवसांत विकावे, किंवा रिटॉर्ट असलेल्या कारखान्याकडून मजुरीवर भरून घ्यावे.

लिटमस कागदावर या बाबतीत भरवसा ठेवू नये. हातात धरायचे पीएच मीटर घ्यावे आणि रोज सकाळी ४ व ७ सामूच्या तयार द्रावणात बुडवून त्याची खात्री करावी. जो मशीनवर पैसा घालायला तयार आहे पण मीटरला कुरकुरतो, त्याने हा धंदा करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वच बाटल्यांना उष्णता लागत नाही

कोकमाचेच पाहा. आगळ मिठावर टिकते. अमृत कोकम साखरेवर टिकते. पण पाणी घालून प्यायला तयार केलेले कोकम सरबत मिठावरही टिकत नाही आणि साखरेवरही नाही, कारण दोन्ही पातळ झालेली असतात. उष्णतेची खरी गरज या तिसऱ्या मालाला आहे.

रूह अफजासारखे दाट सरबतही साखरेच्या जोरावर टिकते. पाकात साखर ६५ टक्क्यांच्या पुढे गेली की जंतूंना जगायला पाणीच उरत नाही. ही साखर ब्रिक्स या मापात मोजतात, आणि त्यासाठी खिशात मावणारे रिफ्रॅक्टोमीटर मिळते. स्क्वॅश मधल्या जातीचा. त्यात बहुधा सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. मेटाबायसल्फाइटने कोकमाचा लाल रंग उडतो, म्हणून रंगीत पेयात बेन्झोएट वापरण्याची रीत आहे. प्रमाण कायद्याने ठरलेले आहे, ते पाहूनच घालावे.

तेव्हा ज्याचा माल आगळ, अमृत कोकम किंवा दाट सरबत आहे त्याने पाश्चरायझरवर पैसा अडकवण्याआधी दोनदा विचार करावा. त्याला चांगली बाटली, स्वच्छ पाणी आणि झाकण लावायचे यंत्र यांची गरज जास्त आहे.

यंत्रांचे प्रकार

पहिला प्रकार पाण्याच्या टाकीचा. बाटली भरून, झाकण लावून, स्टीलच्या टाकीत जाळीवर उभी करायची आणि पाणी तापवायचे. फळांच्या आंबट पेयाच्या २०० मिलिलिटरच्या बाटलीसाठी आतले पेय ८५ अंशांवर आणून २० ते ३० मिनिटे ठेवण्याची रूढ पद्धत आहे. यंत्र साधे, दुरुस्ती गावातला वेल्डर करतो, आणि बाटली, झाकण, सरबत तिन्ही एकदम निर्जंतुक होतात. वीज गेली तरी टाकीची उष्णता लगेच उतरत नाही. नवख्याने येथूनच सुरुवात करावी.

दुसरा प्रकार गरम भरणीचा. दुहेरी भिंतीच्या केटलमध्ये वाफेने किंवा गरम तेलाने रस ८५ ते ९२ अंशांपर्यंत तापवायचा, गरमच बाटलीत भरायचा, झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटे उलटी करायची, म्हणजे मान आणि झाकणही तापते. मग गार करायची. यात इंधन कमी लागते आणि कामाला वेग असतो. पण भरताना रस ८५ अंशांखाली उतरता कामा नये. काचेची बाटली आधी कोमट करून घ्यावी लागते. पाण्याची नेहमीची पेट बाटली ७० अंशांच्या पुढे मऊ पडते आणि आवळते. गरम भरणीसाठी खास बनवलेली जाड पेट बाटली मिळते, तीच वापरावी.

तिसरा प्रकार प्लेटचा किंवा नळीचा पाश्चरायझर. रस पातळ पत्र्यांच्या किंवा नळ्यांच्या मधून वाहत जातो आणि काही सेकंदांत तापतो, लगोलग गारही होतो. चव आणि रंग चांगले राहतात. तासाला शेकडो लिटरचे काम असेल तरच हे परवडते. पातळ रसाला प्लेट चालते, पण आंब्याच्या रेषाळ गराने प्लेटा चोंदतात. गराला नळीचे यंत्रच हवे. यात उष्णता कमी पडली तर रस आपोआप मागे वळवणारा व्हॉल्व्ह आणि उष्णतामानाची नोंद करणारे यंत्र असलेच पाहिजे. नाहीतर वीज गेली आणि आली, तेवढ्यात कच्चा रस पुढे निघून जातो.

चौथा प्रकार टनेलचा. बाटल्या पट्ट्यावरून सरकतात आणि त्यांच्यावर आधी कोमट, मग गरम, मग पुन्हा थंड होत जाणाऱ्या पाण्याचे फवारे पडतात. सोडा मिसळलेल्या फळांच्या पेयांना हा उपयोगी. हे मोठ्या कारखान्याचे काम आहे. छोट्या माणसाने सोड्याची बाटली उघड्या टाकीत तापवण्याचा प्रयोग करू नये, कारण उष्णतेने आतला दाब वाढतो आणि बाटली फुटून इजा होते.

हिशेब बाटल्यांचा आणि गॅसचा

समजा २०० मिलिलिटरच्या ५०० बाटल्या रोज काढायच्या आहेत. माल झाला १०० लिटर. टाकीच्या पद्धतीत तापवणे, ठेवणे आणि गार करणे यांना मिळून दीड तास धरा. आठ तासांत पाच फेऱ्या होतात. म्हणजे १०० बाटल्या मावणारी टाकी पुरे. मशीनवाला ५०० बाटल्यांची टाकी गळ्यात मारू पाहील, तेव्हा हा हिशेब पुढे करावा.

१०० लिटर सरबत ३० अंशांवरून ८५ अंशांवर नेण्यास, अर्धी उष्णता वाया जाते असे धरले तरी, सुमारे एक किलो गॅस लागतो. हा गरम भरणीचा खर्च. टाकीत सरबताबरोबर पाणी आणि काचही तापवावी लागते, म्हणून गॅस दुपटीहून अधिक जातो. बाटली धुण्यासाठी टाकीतून निघालेले गरम पाणी वापरले तर त्यातले काही वाचते. धंदा रोज दोन-तीन हजार बाटल्यांवर गेला की टाकीतून गरम भरणीकडे वळणे या हिशेबाने परवडते, त्याआधी नाही.

खरेदी करताना

१) रसाला लागणारा प्रत्येक भाग स्टेनलेस स्टीलचा हवा, ३०४ जातीचा. कोकम आगळासारख्या आंबट आणि खारट मालाला ३१६ जातीचे स्टील घ्यावे, कारण मिठाने ३०४ ला बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियम, पितळ, तांबे अजिबात नको. लग्नाची बिर्याणी शिजवणारी कल्हईची देग या कामाला चालत नाही. कल्हई झिजली की आंबट रस तांबे खातो.

२) सांध्यांचे वेल्डिंग आतून गुळगुळीत असावे. बोट फिरवून पाहावे. जेथे बोट अडते तेथे रस अडतो आणि जंतू घर करतात.

३) आपला स्वतःचा माल आणि स्वतःच्या बाटल्या घेऊन जावे आणि मशीन आपल्यासमोर चालवून घ्यावे. पाण्यावर चालवून दाखवलेल्या मशीनवर सौदा करू नये.

४) रबरी गॅस्केट, थर्मोस्टॅट, पंपाचे सील कोठे मिळतील ते विचारावे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. त्यात आठ दिवस मशीन बंद राहिले तर वर्षाचा नफा जातो.

५) डेअरीतून निघालेले जुने यंत्र स्वस्त मिळते. घ्यायचे तर प्लेटा उघडून पाहाव्यात. पांढरा कठीण थर, खड्डे, कडक झालेले गॅस्केट दिसले तर सोडून द्यावे.

६) दाबाच्या वाफेसाठी बॉयलर लागणार असेल तर नोंदणी आणि तपासणीचा प्रश्न येतो. १९२३ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आहे. खरेदीपूर्वी बॉयलर खात्याकडे चौकशी करावी.

कमीत कमी तीन ठिकाणचे लेखी भाव घ्यावेत. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली एक योजना काढली. तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचे अनुदान ठेवले होते. आज तिची स्थिती काय आहे ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारावे. हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले आहे. व्याजामुळे जे कर्जापासून दूर राहतात त्यांना भागीदारीत टाकीपासून सुरुवात करणे सोयीचे पडेल.

वापरताना

थर्मामीटर आधी तपासावा. बर्फाच्या पाण्यात ० दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात मुंबई-रत्नागिरीला १००, पुण्यात सुमारे ९८, महाबळेश्वरला ९५-९६, कारण उंचीवर पाणी लवकर उकळते. दोन-तीन अंशांनी काय होते असे समजू नये. पेय-उद्योगात ६० अंशांवर एक मिनिट म्हणजे एक एकक असा हिशेब आहे, आणि ६७ अंशांवरचे एक मिनिट सुमारे दहा एककांचे ठरते. तीन अंश कमी पडले तर काम एक तृतीयांशाच्या जरा वर, एवढेच होते. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर मालाजवळ नेऊ नये, फुटला तर सगळी घाण फेकावी लागेल.

मोजायचे ते बाटलीच्या आतले उष्णतामान, टाकीच्या पाण्याचे नव्हे. पाणी ८५ अंश दाखवते तेव्हा आतले सरबत बरेच मागे असते. एका बाटलीच्या झाकणाला भोक पाडून थर्मामीटरची दांडी आत सोडावी. पातळ पेयात बाटलीचा खालचा भाग सर्वांत उशिरा तापतो, म्हणून दांडी तळाजवळ असावी. ही बाटली टाकीच्या मधोमध ठेवावी. तिने ८५ दाखवले की तेव्हापासून घड्याळ सुरू करावे.

बाटली काठोकाठ भरू नये. ३० पासून ८५ अंशांपर्यंत पेय सुमारे ३ टक्के फुगते, म्हणजे २०० मिलिलिटरमागे ६ मिलिलिटर. जागा नसेल तर झाकण उचलते किंवा काच तडकते. गार बाटली एकदम गरम पाण्यात सोडू नये. बाटली आणि पाणी यांत ४० अंशांहून जास्त फरक नसावा. गार करताना काच आणखी नाजूक असते, म्हणून फरक त्याहूनही कमी ठेवावा आणि थंड पाणी हळूहळू सोडावे. खरवडलेल्या जुन्या बाटल्या आधीच बाजूला काढाव्यात.

गार करण्याचे पाणी क्लोरीन घातलेले असावे. बाटली गार होताना आत निर्वात होते आणि झाकण सैल असेल तर बाहेरचे पाणी आत खेचले जाते. बाटल्या ४० अंशांच्या आसपास बाहेर काढाव्यात. उरलेल्या उष्णतेने त्या बाहेरून सुकतात आणि झाकणाला गंज धरत नाही. गरमच रचून ठेवल्या तर रंग काळपटतो आणि चव शिजल्यासारखी लागते.

आणि फळ धुण्यात कसूर नको. काही बुरशींची बीजे या उष्णतेलाही दाद देत नाहीत. ती मातीतून येतात. यंत्र घाण मालाचे चांगला माल करत नाही.

नोंदवही आणि नमुना

प्रत्येक घाणीला क्रमांक द्यावा. तारीख, सामू, ब्रिक्स, किती वाजता ८५ अंश झाले, किती वाजता उतरवले, हे वहीत लिहावे. प्रत्येक घाणीच्या चार-सहा बाटल्या काढून उबदार जागी पंधरा दिवस ठेवाव्यात आणि तोवर तो माल बाजारात पाठवू नये. झाकण फुगले, बुडबुडे आले, फेस झाला, तर ती सबंध घाण फेकावी. बुडबुडे म्हणजे यीस्ट जिवंत राहिले आणि साखरेचे अल्कोहोल होऊ लागले. मुसलमान व्यापाऱ्याला हा प्रश्न केवळ नुकसानीचा नाही. जे सरबत आंबून नशेच्या वाटेला लागले ते पुन्हा उकळून, नवी चिठ्ठी लावून विकण्याचा विचारही मनात आणू नये.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहेत. नोंदणी किंवा परवाना काढल्याशिवाय एकही बाटली विकता येत नाही, आणि चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. वापरायचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे तपासून घ्यावे. पहिला माल बाजारात नेण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. सल्ल्यासाठी दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि म्हैसूरची सीएफटीआरआय या संस्था आहेत. कोकम आणि आंबा यांवर दापोलीत वर्षानुवर्षे काम झालेले आहे, त्याचा लाभ घ्यावा.

ज्यांना या हंगामात सुरुवात करायची आहे त्यांना आमचा सल्ला एवढाच. एक पदार्थ निवडा, तो आंबट असू द्या. पीएच मीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि दोन थर्मामीटर आणा. घरच्या मोठ्या पातेल्यात जाळी ठेवून वीस-वीस बाटल्यांच्या पाच-सहा घाण्या काढा, वही भरा, बाटल्या महिनाभर ठेवून पाहा. एकही फुगली नाही तर टाकीची ऑर्डर द्या. गिऱ्हाईक आपली बाटली न तपासता, आपल्या नावावर विश्वास ठेवून तोंडाला लावते. ती त्याची अमानत आहे, हे लक्षात ठेवून काम करावे.